किमचीच्या दिवशीची दाढदुखी

हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायला घराण्यातल्या सगळ्या सुना आजेसासूबाईंच्या अंगणात जमणार, त्याच्या आदल्याच आठवड्यात ह्येरिमने डाव्या दाढेचं इम्प्लांट बसवून घेतलं. दुखणं दोन गोळ्यांतच पळालं, पण तिने ते कोणाला कळू दिलं नाही. किमचीच्या दिवशी ती गालाला बर्फाची पिशवी लावून आतल्या, खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर आडवी झाली. कोणाची चाहूल लागली की कण्हायची.

बाहेर गारठ्यात नव्वदीच्या आजेसासूबाई ओरडत होत्या, "अजून शंभर गड्डे पडलेत कोबीचे! कुठे उलथल्या सगळ्या?"

तेवढ्यात सासूबाई आत आल्या. तिखटाने माखलेले रबरी हातमोजे काढता काढता त्या सुनेकडे बघतच राहिल्या.

"अगं, दाढ डावी बसवलीस ना?"

ह्येरिमने गाल चाचपला. पिशवी उजव्या गालावर होती.

सासूबाईंनी दार हळूच ओढून घेतलं आणि तिच्या शेजारी अंग टाकलं.



"सरक जरा. म्हातारीने विचारलं, तर डावी दाढ तुझी, उजवी माझी."