अस्सल भिंग

छप्पन साली निजामाच्या जुन्या राज्याची भाषावार वाटणी झाली, त्याच महिन्यात मी एका लग्नात काढलेले सगळे फोटो अंधुक आले. माझं पोट त्या जुन्या जर्मन कॅमेऱ्यावर होतं आणि तो नुकताच दुरुस्त करून आणला होता. काचीगुड्याला धावलो, तर दुरुस्तीवाले नागोराव दुकान आवरून औरंगाबादला निघून गेले होते.

शेवटी हिमायतनगरच्या मस्तानमियांकडे गेलो. तोवर त्यांची पायरी कधी चढलो नव्हतो. त्यांनी कॅमेरा उजेडात धरला.

"अस्सल भिंग निकाल लिये, नकली बिठा दिये, साब. किसकू दिये थे?"

"आमच्याच मराठी माणसाला."

त्यांनी माझ्यासाठी स्टूल पुढे ओढलं.

"बैठो. मैं गाहकांकू सामने बिठाकेच कॅमेरा खोलताऊं. पोलीस ॲक्शन के बाद से मेरे पे कोई भरोसा नै करता."