मूळ वाण

आई गेल्यावर दोन वर्षांनी बाबांनी एका संस्थानच्या राजकन्येशी लग्न केलं आणि जालन्याचे बियाणेवाले देशमुख राजघराण्याचे जावई झाले. पुढच्याच हंगामात त्यांनी कपाशीच्या आपल्या सगळ्यात चांगल्या संकरित वाणाला तिचं नाव दिलं, 'हेमांगिनी'. वीस वर्षं मी ते पाकीट हातात धरलं नाही. आईच्या नावाचं एखादं गोदामसुद्धा नव्हतं.

बाबांच्या तेराव्यानंतर मी वडीगोद्रीच्या शेतावर गेले. तिथे बियाणं तयार करणाऱ्या तातेरावांनी कपाशीच्या एका ओळीपुढची पाटी दाखवली. 'वत्सला'.

"हे तर आईचं नाव."

"मूळ वाण हाय, ताई. याच्या फुलावर दुसऱ्या वाणाचा पराग लावला की हेमांगिनी तयार होती. दरसाली असंच."

"राणीसाहेबांना माहीत आहे?"

"म्हाईत हाय की. एकदा म्हणल्या, ही ओळ उपटून टाका. मालक म्हणले, टाकतो. पण मंग तुमच्या नावाचं पाकीट निघायचं न्हाई."

मी पाटीवरची माती बोटाने पुसली. त्या घरात जळणारी मी एकटीच आहे, असं मला वीस वर्षं वाटत होतं.