विजूचं जावळ

हे अणुभट्टीच्या बांधकामावर गेले होते आणि तारापूरच्या सासरच्या अंगणात आमच्या विजूचं कुरळं जावळ उतरत होतं. माझ्या भावाच्या मांडीवर तो कळवळून रडत होता. माझी नणंद, हंसावन्सं, प्रत्येक बट पदरात झेलत होत्या.

"झालं, बाबू," न्हावी म्हणाला.

विजूनं अजून तोंड वासलेलंच होतं. रडणं मात्र वन्संच्या पदरातून येत होतं.

"कसा गप झाला बघा!" सासूबाई हसल्या. "हंसा, केस समुद्रात सोडून ये."

केस रडताहेत, हे बी.ए. झालेली मी कुणाला सांगणार? मी उठू लागले. सासूबाईंनी विजूला माझ्या मांडीवर ठेवून माझा खांदा दाबला. "बस गं, ओवाळायचं हाय."

वन्संच्या पदरातलं रडणं सुरूच्या बनापलीकडे, समुद्रावर गेलं. तिकडे ते थांबलं, आणि विजू नाकात पाणी गेल्यासारखा, आवाज न करता, ठसकला.