सारखं सूत

लालबागच्या चाळीतल्या खोलीत तुळसाच्या बाबांनी गाणी रेकॉर्ड करायचा स्टुडिओ थाटला होता, आणि आज त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरचा निकाल लागणार होता. नवा कॉम्प्युटर खपवायला आलेल्या विक्रेत्याने एकच भजन दोन्ही कॉम्प्युटरवर लावलं. नव्यावर ते कसं झुळझुळ वाजलं! जुन्यावर मृदंग आला आणि खरखर सुरू झाली.

“बघा काका, दम संपला ह्याचा. आजच भंगारात काढा.”

बाबा जुन्याच्या वायरी सोडवायला वाकले. तुळसा मात्र दोन्ही स्क्रीनना आळीपाळीने नाक लावून बघतच राहिली.

“ओ दादा, थांबा! जुन्यावर प्रत्येक आवाजाला घुमवणारा एको लावलाय तुम्ही, नव्यावर एकालाही नाही. दोघांना सारखं ओझं द्या की!”

विक्रेता कसनुसा हसला. नव्यावरही तेवढेच एको चढले. मृदंग आला, आणि नवाही तिथेच खरखरला.

“बाबा, वाचला आपला!” तुळसाने उडीच मारली.

बाबांनी वायरी पुन्हा घट्ट बसवल्या. “मिलमध्ये कापड विणायचा नवा साचा आला, तेव्हा त्याला चांगलं सूत दिलं आणि माझ्या जुन्या साच्याला सडकं. माझा धागा घडीघडी तुटायचा,” ते जुन्या कॉम्प्युटरवर हात ठेवून म्हणाले, “आणि मी साच्यालाच शिव्या घालत होतो गं.”