दुसरं टोक

इंदूरच्या छत्रीबागेतल्या घराचं दार आतून लावून बासष्टीच्या शशिकलाबाईंनी लेकीला फोन लावला. देवयानी पळून गेल्यापासूनचा हा पहिलाच.

"तुझं लग्न झालं ते चोरलच्या डोंगरातलं देऊळ... जंगलात रस्ता बरोबर सापडतो ना गं?"

"सापडतो. पण का?"

"मी आणि शरदजी लग्न करतोय. चुपचाप. तुझा भाऊ म्हणेल, पप्पांचा फोटो भिंतीवर आणि आईला हे काय सुचलं! मला तर कुणाला विचारायचीही लाज वाटते."

देवयानी हसली नाही. गाडी कुठे ठेवायची, नाला कुठून ओलांडायचा, हार इंदूरहूनच न्यायचे, सगळं तिनं सांगितलं.

"और हां, अंतरपाट धरायला दोन माणसं लागतात."

"तुम्ही कुणाला नेलं होतं?"

"एक टोक ड्रायव्हर भियांनी धरलं. दुसरं सागाच्या झाडाला बांधलं."

त्या दिवशी देवळातून लेकीचा फोन वाजत राहिला होता, आणि शशिकलाबाईंनी मोबाइल उशीखाली दाबून ठेवला होता.

"आई, झाडाला नको बांधू हां. हवेनं सारखं सुटतं. मी येते धरायला."