पायगुणाची कावीळ

"डॉक्टरसाहेब, रिपोर्ट नंतर वाचा. पहिले हाई सांगा, हिना पायगुणनाच हाऊ आजार शे ना?"

जळगावच्या दवाखान्यात भिकुबाईंनी बोट रोखलं ते नव्या सुनेवर. दिपमाला कॉटच्या पायथ्याशी उभी होती. कॉटवर तिचा नवरा, कुंदन. लग्नाला अजून आठवडाही झाला नव्हता आणि नवरदेवाचं यकृत सुजलं होतं. डोळे पिवळेजर्द, पाण्याचा घोट पोटात ठरत नव्हता.

तसे ते डोळे मांडवातच पिवळे दिसत होते. पण चोपड्याच्या या शहाण्या घराने ठरवलं, हळद डोळ्यांत गेली असेल. यांना दवाखान्यात न्या, असं दिपमाला आल्या दिवशीच म्हणाली. त्यावर सासूने कुंदनच्या गळ्यात कावीळ उतरवायची माळ घातली. माळ लांबली की कावीळ उतरली, असं तिथलं शास्त्र. माळ रोज लांबत गेली, पोरगा रोज खंगत गेला. उलट्या थांबेनात तेव्हा कुठे गाडी निघाली.

आणि दोष कुणाचा? कालपरवा उंबरठा ओलांडलेल्या पोरीचा. शिंदखेड्याला तिच्या भावाला फोनही गेला होता, तुमची अवदसा येऊन घेऊन जा म्हणून. सासरे अभिमनआबा बाजूला उभे होते. बायकोपुढे तोंड उघडायची हिंमत नव्हती आणि त्यालाच ते शांत स्वभाव म्हणत.

"पायगुणाची तपासणी आमच्याकडे होत नाही," डॉक्टर म्हणाले. "दारू, औषधं, बाकीचे व्हायरस, सगळं पाहून झालं. हा हिपॅटायटिस ई आहे. दूषित पाण्यातून पोटात जातो. आणि आज पाणी प्यायलं, उद्या कावीळ, असं होत नाही. मध्ये महिना-दीड महिना जातो. ही घरात आली त्याच्या आधीच आजार याच्या पोटात होता."

दुसऱ्या कुणाला लाज वाटली असती. भिकुबाईंना उलट जोर चढला.

"महिना-दीड महिना? तव्हय तर साखरपुडा व्हता! हिनाच घर गया व्हतूत आम्ही. हिना घरनंच पानी बाधनं मना पोऱ्याले!"

आबांनी मान डोलावली. एवढ्या कामापुरती ती नेहमी हलायची.

आता मात्र दिपमालाने थेट सासूच्या तोंडाकडे पाहिलं.

"आत्याबाई, साखरपुडाले तुम्ही पानीना जार संगे लयेल व्हतात. आमना गावनं पानी तुमना पोऱ्याले चालत नही, आसं तुम्हीच चारचौघात सांगं. आमना घरना चहासुद्धा कोणी पिधा नही. मनी माय दिनभर रडत व्हती."

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. "ते जार कुठून भरले होते?"

"आमना मळानी हीरवरथून," आबा पहिल्यांदाच बोलले, तेही अभिमानाने. "मीठं पानी शे साहेब. बठ्ठं घर तेच पेस."

"मग बठ्ठ्या घराचं, सगळ्यांचंच रक्त तपासावं लागेल. आणि विहिरीचं पाणीही. तोवर कुणी त्याला तोंड लावू नका."

आबांची मान डोलायची थांबली. भिकुबाईंचा आवाज एकाएकी मऊ झाला. "पोरी, उभी काबर शे? बैस ना आठे."

दिपमाला बसली नाही. तिने भावाला फोन लावला आणि सासूला नीट ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"दादा, निंघना का? तू ये, पन मले लेवाले नही. ह्या बरा व्हतीन तवलोंग मी आठेच शे. येतांना आपला घरना पानीना दोन जार भरीसन लई ये. ह्या लोकेसना घरनं पानी पेवासारखं नही."