समोरच्या बाकावरच्या बाई

सांगलीच्या बागेत संध्याकाळची चक्कर संपवून सुधाकरराव बाकावर टेकले आणि त्यांच्या मोबाइलवर हिरवा दिवा लागला. बागेत दोघांना गप्पांना कुणी हवं असलं, की दोघांचेही मोबाइल असेच उजळायचे आणि बोलायला वाक्यंही पुरवायचे. पडद्यावर अक्षरं आली, ‘समोरच्या बाकावरच्या बाई. आवडीनिवडी ब्याण्णव टक्के जुळतात. दोघांनाही गूळ घातलेली कारल्याची भाजी आवडते.’

त्यांनी वर पाहिलं. हिरवा मोबाइल हातात धरून त्यांची धाकटी बहीण शैलजा बसली होती. नऊ वर्षांपूर्वी भाचीनं परजातीत लग्न केलं, तेव्हा मामा म्हणून ते तिच्यामागे उभे राहिले नव्हते. त्या वर्षीपासून भाऊबीजही बंद होती.

दिवा विझवायला अंगठा पुढे गेला आणि थांबला. ते उठून तिच्या बाकापाशी गेले. मग त्यांनी पडद्यावरचं वाक्य जसंच्या तसं वाचलं, “नमस्कार. आपण कुठल्या?”

शैलजानं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. “आम्ही तासगावच्या. आपण?”

“मीही तासगावचाच.” त्यांनी पुढचं वाक्य वाचलं. “घरी कोण कोण असतं?”

“लेक, जावई. पाच वर्षांची नात आहे.”

नात झाल्याचं त्यांना आजच कळलं. त्यांनी मोबाइल खिशात टाकला.

“आणि भाऊ?”

“आहे ना.” शैलजानं बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. “पण तो काही तुमच्यासारखी चौकशी करत नाही.”